पान तीन, बेचाळीस सेकंद

पेंढा भरलेला शहामृग आठवड्याच्या भाड्याने मिळतो. मान सरळ राहावी म्हणून सोबत एक तार देतात.

०

बर्न्लीत रविवारचा चहा पाच वाजता. डब्यातला सामन मासा, काकडी, पाव-लोणी, डब्यातले पीच. टेबलाशी चार खुर्च्या.

०

टोबी फेन्विक, एका पेपराच्या रविवार पुरवणीत: "शेवट ही दुकानदारांची गरज आहे. गिऱ्हाइकाला पुडी बांधून द्यावी लागते. आम्ही पुडी बांधत नाही."

०

वर्दिंगहून श्रीमती कॉलिंगवुड यांचं पत्र: "गुरुवारी सव्वानऊला आमच्या टीव्हीवर एक न्यायाधीश फ्लॉवरच्या गड्ड्याला फाशीची शिक्षा देताना दिसले. हे मुद्दाम होतं की आमचा संच बिघडला आहे, ते कृपया कळवावं."

०

हशा, तेवीस सेकंद.

०

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. ती मी सांगते, कारण त्या तिघांनी सांगितली असती तर इथवर येताच भिंत फोडून एक पितळी बँड आला असता आणि पुढचं काही सांगायची जबाबदारी कुणावर उरली नसती.

मी ॲव्हरिल ऑर्मरॉड. १९७१ साली मी सव्वीस वर्षांची होते आणि लंडनमध्ये 'दमट कपाट' नावाच्या विनोदी कार्यक्रमात घड्याळाचं काम करत होते. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर संहिता. कुठलं वाक्य किती सेकंदांचं, कुठला हशा किती सेकंदांचा, हे समासात लिहायचं. कार्यक्रम एकोणतीस मिनिटं पंधरा सेकंदांचाच व्हायला हवा. सोळा झाले की बातम्यांच्या विभागातून फोन. म्हणजे रविवारच्या पुरवण्यांत जिला टीव्हीवरची क्रांती म्हणत, ती एकोणतीस-पंधरात कोंबण्याचं काम उत्तरेकडच्या बर्न्लीच्या एका मुलीकडे होतं.

कार्यक्रमाचं नाव ठरवायला त्यांना सहा आठवडे लागले होते. 'दमट कपाट' निवडलं, कारण त्याला अर्थ नव्हता. टोबीने मला बसवून समजावलं होतं की अर्थ नसणं वेगळं आणि काही अर्थ नसणं वेगळं. मी मान हलवली. तिथे मान हलवायचेच पगार होते.

तिघंही केंब्रिजचे. टोबी बिशपचा मुलगा, सहा फूट तीन इंच, आणि बायकांची कामं बहुतेक तोच करायचा, कारण त्याच्या माहितीप्रमाणे बाई म्हणजे चिरका आवाज आणि वाकडी टोपी. निनियन ऑल्ड डॉक्टर झाला होता, एकाही आजारी माणसाला हात न लावता. ह्यूगो मॉन्ट्रेथ गप्प बसायचा, म्हणून सगळे त्याला खोल समजायचे. चार वर्षं त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून मी सांगते, तो झोपलेला असायचा.

०

सोमवारी वाचन. ॲक्टनमध्ये चर्चचा एक हॉल भाड्याने घेतलेला, त्याच्या फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून सेट आखलेले. पिवळी पट्टी म्हणजे भिंत, हिरवी म्हणजे दार. खऱ्या दारांपेक्षा ही दारं त्या तिघांना जास्त मानवायची. आपल्याला वाट करून द्यायला कुणीतरी आधीच फरशीवर पट्टी मारून ठेवलेली असते, हा त्यांचा जन्मापासूनचा अनुभव होता.

स्किटवर नाव घालायचं नाही असा नियम होता. "आम्ही तिघं म्हणजे एक मेंदू," असं टोबी म्हणायचा. खरं कारण असं की पहिल्या वर्षी कुणाची किती स्किट झाली यावरून निनियनने टोबीवर चहाची किटली फेकली होती. तेव्हापासून सगळे आपापले कागद शुक्रवारी माझ्या टेबलावर टाकायचे, मी ते एकाच यंत्रावर एकसारखे टाइप करायचे आणि गठ्ठा पिसून सोमवारी मधोमध ठेवायचे. मग ते एकेक उचलून मोठ्याने वाचत. दोघांनी पसंत केलं की स्किट घेतलं. नाहीतर कोळशाच्या बादलीत.

पसंत केलं म्हणजे हसले असं नव्हे. विनोदी माणसं हसत नाहीत. डॉक्टर "गाठ आहे" म्हणतात त्या आवाजात ती "मजेदार आहे" असं म्हणतात.

सप्टेंबरच्या एका सोमवारी मी त्या गठ्ठ्यात तीन पानं माझी सरकवली.

०

त्या तीन पानांत एक कुटुंब न्याहारी करतं आणि ती न्याहारी सभेच्या नियमांनी चालते. बाप अध्यक्ष. आधी मागच्या न्याहारीचं इतिवृत्त वाचून कायम होतं. मग अनुपस्थितांची दिलगिरी, म्हणजे न आलेल्यांची नावं: थोरला मुलगा रेजिनाल्ड, याची खुर्ची रिकामी. मग टोस्ट करपल्याचा मुद्दा. चर्चा होते, निर्णय पुढे ढकलला जातो. मुरंबा इकडे सरकवावा अशी मुलगी सूचना मांडते. अनुमोदन मिळत नाही. स्वयंपाकघराला आग लागते. आई ते सांगू पाहते, पण बाप म्हणतो की आगीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही, तो 'ऐनवेळचे विषय' याखाली घेता येईल. चोर येतो, त्याला निमंत्रित म्हणून बसवून घेतात, मताचा अधिकार देत नाहीत. इथे पान दोन संपतं.

पान तीन:

आई: अनुपस्थितांच्या यादीतून रेजिनाल्डचं नाव काढावं, अशी मी सूचना मांडते. तो गैरहजर नाही. तो मेला आहे.

बाप: अनुमोदन?

(कोणी बोलत नाही.)

मुलगी: माझं अनुमोदन आहे.

(बाप वही मिटतो.)

बेचाळीस सेकंद. मी घरी, भाड्याच्या खोलीत, एकटीने चारही आवाज काढून घड्याळ लावून बघितलं होतं.

०

माझे वडील आमच्या चॅपलच्या समितीचे चिटणीस होते, भाजीचे वाफे करणाऱ्यांच्या सोसायटीचेही चिटणीस होते. सभा हीच त्यांची बोली. माझा भाऊ केनेथ लहानपणी पीच जास्त मागायचा, तर ते म्हणाले रीतसर सूचना मांड. त्यातून घरात खेळ झाला. रविवारच्या चहाला वही उघडायची, इतिवृत्त वाचायचं. आम्ही हसून लोळायचो.

केनेथ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. सत्तावन्न साली त्याला सक्तीच्या लष्करी नोकरीत नेलं. त्या रविवारी बाबांनी वहीत लिहून वाचून दाखवलं, "अनुपस्थितीबद्दल दिलगिरी: केनेथ." तेव्हाही आम्ही हसलो. पुढच्या वसंतात सायप्रसहून तार आली. त्यानंतरच्या रविवारी बाबांनी तेच वाक्य वाचलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. कुणी हसलं नाही आणि कुणी थांबवलंही नाही.

साठ साली एका रविवारी आईने पाव बाजूला ठेवला आणि रीतसर सूचना मांडली. पान तीनवरची आईची वाक्यं तिचीच आहेत, फक्त नाव बदललं आहे. बाबांनी विचारलं, "अनुमोदन?" टेबलाशी मत असलेली मी एकटीच होते. पंधरा वर्षांची. मी माझ्या बशीतल्या पीचकडे बघत बसले. बाबांनी नियमाप्रमाणे पूर्ण एक मिनिट वाट पाहिली, मग लिहिलं: अनुमोदनाअभावी सूचना बारगळली.

आई त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. माझ्याशीही नाही. पुढे मी लंडनला आले, दर रविवारी रेकॉर्डिंग असल्यामुळे चहाला जाणं सुटलं आणि वहीत केनेथच्या खाली माझं नाव यायला लागलं. अनुपस्थितीबद्दल दिलगिरी: केनेथ, ॲव्हरिल.

अकरा वर्षं मला ते एक वाक्य त्या टेबलाशी बोलता आलं नाही, आणि आता एका उंच पुरुषाला झगा घालून ते देशासमोर बोलायला लावायचं मी ठरवलं होतं. हा भित्रेपणा आहे हे मला कळतं. पण आईपर्यंत ते पोचेल अशी दुसरी वाट मला दिसत नव्हती. आई-बाबा दर गुरुवारी 'दमट कपाट' लावायचे, समजायचं काही नाही, पण शेवटच्या नावांत माझं नाव यायचं. बाबा ती नावं उभं राहून वाचायचे.

०

टोबीने पानं उचलली आणि वाचायला सुरुवात केली. मुरंब्यापाशी निनियन म्हणाला, मजेदार आहे. आगीपाशी ह्यूगो जागा झाला. ते वाचन संपल्यावर तिघांनी एकमेकांकडे अशा नजरेने बघितलं की मला आधी कळेना, मग कळलं: प्रत्येकाला वाटत होतं की हे दुसऱ्या कुणीतरी लिहिलं आहे, आणि कुणालाच विचारता येत नव्हतं, कारण ते एक मेंदू होते.

दोन दिवस असे गेले. बुधवारी पबमध्ये टोबी माझ्या शेजारी येऊन बसला.

"ती न्याहारी," तो म्हणाला. "तुला सांगतो राणी, कशी सुचली माहीत आहे? आमच्याकडे घरी बटलर होता."

"असं का."

"तो गेला. म्हणजे नोकरी सोडून गेला. मी सात वर्षांचा होतो. ते कुठेतरी आत राहतं बघ."

मी म्हटलं, हो, राहतं.

गुरुवारी निनियनने मला हेच ऐकवलं. त्याच्या बाबतीत ते वैद्यकीय कॉलेजच्या भोजनगृहातून आलं होतं. शुक्रवारपर्यंत दोघांचं पक्कं झालं होतं की स्किट आपलं आहे. माझं म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी त्यावर दया केली असती. ते दया करताना फार गोड बोलतात आणि मग कागद बादलीत जातो.

माझं नाव मला नकोच होतं. मला पान तीन हवं होतं.

०

पान तीन पहिल्याच तालमीत गेलं.

टोबी म्हणाला, पहिली दोन पानं सोनं आहेत, पण हा शेवट आहे, आणि आपण शेवट करत नाही. त्याऐवजी चोर बसला की भिंत फोडून बँड आणू. निनियनला वाटलं की रिकामी खुर्ची दिसायला कंटाळवाणी आहे. तिच्यावर काहीतरी बसवायला हवं.

"काय?" दिग्दर्शक डेरेक स्टॅनिफोर्थने विचारलं. डेरेक पन्नाशीचा, मंगळवारी घोड्यांच्या शर्यती आणि रविवारी हे, दोन्ही एकाच निर्विकार तोंडाने करणारा माणूस.

"शहामृग," निनियन म्हणाला.

तिघांनी एकदम "मजेदार आहे" म्हटलं. केनेथच्या खुर्चीत शहामृग आला.

मी पुढच्या तालमीच्या संहितेत पान तीन पुन्हा टाइप करून घातलं, जसं चुकून राहिलं असावं. निनियनने त्यावर जांभळ्या शाईने आडवी रेघ मारली. शुक्रवारी तांत्रिक मंडळींसमोर तालीम होती. कॅमेरावाले, दिवेवाले, ध्वनीवाले हॉलच्या भिंतीला टेकून उभे राहतात आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलवत नाहीत. त्या दिवशी आगीपाशी त्यातले दोघं खोकले, आणि ते म्हणजे त्यांच्यात टाळ्या. डेरेकने ठरवलं की न्याहारी कार्यक्रमात सगळ्यांत शेवटी घ्यायची. संध्याकाळी मी डेरेकला म्हटलं की एक पान गाळलं गेलंय, वाचून तरी बघा. त्याने उभ्याउभ्या वाचलं.

"यात हसायचं कुठे?"

मी म्हटलं, नाही हसायचं.

"मग हे आपल्याकडे कशाला," तो म्हणाला आणि पान परत दिलं. रागावला वगैरे नव्हता. चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल परत करावं तसं.

०

रविवार. स्टुडिओ. तीनशे प्रेक्षक सात वाजता येणार. फुकटचे पास पेन्शनरांच्या क्लबांना आणि बिस्किटाच्या कारखान्यांना वाटलेले असतात. क्रांतीला दर रविवारी हशा पुरवणारे हे लोक, आणि त्यांच्याबद्दल टोबी म्हणायचा की त्यांना खरं म्हणजे काही कळत नाही. कळत नसेलही. पण त्या रात्री फ्लॉवरच्या फाशीला ते चार सेकंद हसले आणि केंब्रिजमध्ये लिहिलेल्या त्या स्किटची लायकी बरोबर चार सेकंदांचीच होती.

साडेपाचला वेशासकट पूर्ण तालीम संपली. इथे सगळे माझ्याकडे बघतात. सगळी स्किट, आधीच चित्रित केलेले तुकडे, अंदाजे हशे, नावांची पट्टी, याची बेरीज मी करायची आणि आकडा सांगायचा. तो कुणी तपासत नाही. चार वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

खरा आकडा एकोणतीस-दहा होता. पाच सेकंद कमी, म्हणजे काहीच नाही.

"अठ्ठावीस-वीस," मी म्हटलं. "पंचावन्न सेकंद कमी."

डेरेकने सिगारेट खाली घेतली. निनियन म्हणाला, शक्य नाही. ह्यूगो पूर्ण जागा झाला. पंचावन्न सेकंद म्हणजे काय हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं: कार्यक्रम संपल्यावर देशभर दिसणारा निळा पडदा आणि सोमवारी वरच्या मजल्यावर बोलावणं. दीड तासात प्रेक्षक. दहाला युनियनच्या नियमाने दिवे बंद, कुणी वाक्याच्या मधोमध असलं तरी.

टोबीने सुचवलं, फ्लॉवरचा खटला लांबवू. डेरेक म्हणाला, फ्लॉवर आधीच लांब आहे.

"कुणाकडे लिहिलेलं काही आहे?" त्याने विचारलं. "कोऱ्या कागदावर आता लिहायला बसू नका. लिहिलेलं."

मी पिशवीतून पान तीनच्या आठ प्रती काढल्या. सेट तोच, कपडे तेच, माणसं तीच. बेचाळीसच्या आसपास बसेल, मी म्हटलं, वर थोडी शांतता.

"पण हा शेवट आहे," टोबी म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर दुःख होतं.

"टोबी," डेरेक म्हणाला, "मला पंचावन्न सेकंद दे, त्याला तू आजी म्हण."

टोबी कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा त्याने तत्त्व शोधलं होतं: हा शेवट नसून शेवटाची टिंगल आहे. मग तो पाठ करायला लागला.

०

न्याहारी सुरू. इतिवृत्त कायम: हशा, सहा सेकंद. शहामृगाची दिलगिरी: अकरा. मुरंबा: नऊ. आग कार्यक्रमपत्रिकेवर नाही: तेवीस सेकंद. चार वर्षांत मी घड्याळावर एवढा आकडा पाहिला नव्हता. पुढच्या रांगेतली एक म्हातारी दुसरीच्या पदराला धरावं तसं तिच्या कोटाला धरून हलत होती.

मग पान तीन. निनियन केसांची जाळी घालून आईच्या खुर्चीत. त्याने ते पहिलं वाक्य चिरक्या आवाजात सुरू केलं आणि 'मेला आहे' पाशी तो आवाज त्याला धरून ठेवता आला नाही. बाप झालेला ह्यूगो म्हणाला, अनुमोदन? कॅमेरा मुलगी झालेल्या टोबीवर गेला, अगदी जवळ. रंगभूषेच्या बाईंनी त्याच्या तोंडाला लाल लिपस्टिक फासली होती. या वाक्याला विनोदी आवाज शोधायला त्याला वेळच मिळाला नव्हता, म्हणून तो माणसासारखा बोलला.

"माझं अनुमोदन आहे."

ह्यूगोने वही मिटली. तीनशे माणसं गप्प. मागे कागदाची आग हलत होती आणि शहामृगाची मान तारेवर सरळ. घड्याळ चालू होतं. अकरा सेकंद.

मग डेरेकने थांबवलं. टोबी झगा वर धरून माझ्याजवळून गेला आणि जाता जाता म्हणाला, "बघितलंस? म्हणून आपण शेवट करत नाही."

पान तीननंतर भिंत फोडायला बँड ठरल्याप्रमाणे येऊन थांबला होता, पण त्याचं चित्रीकरण राहिलं. दहा वाजले, दिवे गेले, तो तसाच परत गेला.

०

मंगळवारी संकलनाच्या खोलीत मी आणि डेरेक. यंत्रावरचा आकडा एकोणतीस-पंधराच्या पुढे गेला आणि जातच राहिला. अठ्ठेचाळीस सेकंद जास्त.

डेरेकने माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघत म्हणाला, "तुझं घड्याळ दुरुस्तीला देणार आहेस?"

"नाही."

"बरं." त्याने टेप मागे घेतली. "का ते मला सांगू नकोस. सांगितलंस तर मला काहीतरी करावं लागेल."

मला वाटलं आता पान तीन कापेल. पण बँड रेकॉर्ड झाला नव्हता, पान दोनवरून बाहेर पडायला दुसरं चित्रच नव्हतं. डेरेकने सोपा मार्ग काढला. पन्नास सेकंदांची नावांची पट्टी वेगळी न दाखवता पान तीनवरच चढवायची. चित्र राहील, वेळ वाचेल. आणि नावं म्हटली की त्याखाली शीर्षक संगीत आलंच: ट्यूबा, ढोल, आणि मध्येच बदकाचा आवाज.

मी म्हटलं, बोलणं राहू दे. संगीताच्या खाली बारीक ठेव.

"दोन्ही ठेवलं की दोन्ही ऐकू येत नाही."

"मग शेवटचं एक वाक्य ठेव. एकच."

"ॲव्हरिल," तो म्हणाला, "तुझे अठ्ठेचाळीस सेकंद मी गिळले. आता गप्प बस."

ध्वनीवाल्याने एक बटण खाली ओढलं. निनियनचं तोंड हललं, ह्यूगोचं हललं, टोबीचं हललं. ट्यूबा वाजत राहिला. त्याच्यावरून नावं वर सरकत गेली: लेखन टोबी फेन्विक, निनियन ऑल्ड, ह्यूगो मॉन्ट्रेथ. टोबीच्या हनुवटीखाली, बारीक, ॲव्हरिल ऑर्मरॉड.

अकरा वर्षांनी मी अनुमोदन दिलं आणि त्यावर बदक ओरडलं. त्या कार्यक्रमातलं सगळ्यांत अस्सल स्किट तेच म्हणायला हवं.

०

तो भाग जानेवारीत दाखवला. पेपरांत फार चांगलं आलं. एका समीक्षकाने लिहिलं की मूक शेवटावर नावं आणि ट्यूबा टाकून 'दमट कपाट'ने शेवट या कल्पनेचाच शेवट केला आहे. टोबीने ते कात्रण माझ्या टेबलासमोर टाचणीने लावलं. आपल्याला हेच म्हणायचं होतं, असं निनियन म्हणाला. ह्यूगो काही म्हणाला नाही आणि पुढच्या पुरवणीत त्याचा फोटो आला.

शुक्रवारी ऑफिसात बाबांचा फोन. घरी फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनच्या डब्यातून, मागे बसचा आवाज. मी विचारलं, बघितलंत का. त्यांनी सांगितलं की बघितलं, माझं नाव आलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिलं, पण मागे काहीतरी पक्षी होता त्यामुळे नीट वाचता येईना. मी म्हटलं, शहामृग. ते म्हणाले, असेल. नाणी संपत आली होती.

"तुझी आई म्हणते," ते म्हणाले, "रविवारी ये."

"काही झालंय का बाबा?"

"कार्यक्रमपत्रिकेवर एक विषय आहे," ते म्हणाले, आणि फोन कटला.

०

रेकॉर्डिंगचा हंगाम संपला होता, गेले. पाच वाजता चहा. सामन, काकडी, पाव-लोणी. बाबांनी वही उघडली, चष्मा पुसला, मागचं इतिवृत्त वाचलं. ते कायम झालं. मग त्यांनी पान उलटलं आणि थांबले. त्यांचा आवाज वाचनाचाच होता.

"अनुपस्थिती," ते म्हणाले. "कोणी नाही."

आई पाव कापत राहिली.

"जुना विषय. सौ. ऑर्मरॉड यांची सूचना, सन एकोणीसशे साठ, अनुमोदनाअभावी बारगळलेली. तिला गुरुवारी नऊ वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी कुमारी ऑर्मरॉड यांचं अनुमोदन मिळाल्याचं सौ. ऑर्मरॉड यांनी सभेच्या निदर्शनास आणून दिलं. सूचना मंजूर."

त्यांनी खाली सही केली आणि टिपकागद दाबला. टेबलाशी चार खुर्च्या होत्या. चौथीवर आईने पिशवी ठेवली, दुकानातून आणलेली, आत बटाटे. तिला कुठेतरी ठेवायचीच होती.

मी आईकडे बघितलं. गुरुवारी नऊ चव्वेचाळीसला सगळ्या देशाला ट्यूबा ऐकू आला होता. चार वर्षं मी त्या कार्यक्रमाचा एकेक सेकंद मोजला, हशा मोजला, शांतता मोजली, आणि मला घरातली ही एक साधी गोष्ट सुचली नव्हती. टोबी मूर्ख होता हे मी तुम्हाला मघापासून सांगते आहे. आता मोजणी नीट करून घ्या.

"तो उंच बाप्या," आई म्हणाली, "त्याचं तोंड मोठं आहे. पीच घे."

०

आई चौदाव्या वर्षी कापड गिरणीत लागली आणि एकतीस वर्षं मागावर होती. मागांच्या आवाजात कानाला काही ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलतात.